वडिलांचे केमो सुरू होताना घरच्यांनी काय करायचं

आमच्या अण्णांचा प्रोस्टेटचा कॅन्सर कळला तेव्हा तो कमरेच्या हाडांत आणि मणक्यात पोचलेला होता. अण्णा ७१ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, कराडजवळच्या गावात राहणारे. दादा-वहिनी गावी, मी पुण्यात नोकरीला. दर एकवीस दिवसांनी एक असे सहा केमो पुण्यात झाले. त्यानंतर ओळखीतल्या तिघींचे फोन आले, "बाबांचे केमो सुरू होतायत, काय तयारी करू?" फोनवर घाईत निम्मं राहून जातं, म्हणून इथे सगळं लिहिते.

प्रोस्टेटसाठी बहुतेकांना पहिल्यांदा मिळतं ते औषध डोसेटॅक्सेल. माझा अनुभव त्याचाच. तुमच्या कागदावर कॅबाझिटॅक्सेल असेल तरी क्रम बराचसा असाच असतो, फक्त जुलाबांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. गोळ्यांचं प्रमाण मात्र तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतलंच धरा, माझ्या किंवा कुणाच्याही अनुभवातलं नको.

आधी विचारा: हा केमो कशासाठी?

हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. चार्ल्स हगिन्स यांनी हे १९४१ मध्ये दाखवून दिलं, पुढे १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं, आणि आजही उपचारांचा पाया तोच आहे: महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन हार्मोन बंद करायचं, नाहीतर छोट्या शस्त्रक्रियेने अंडकोष काढायचे. केमो येतो तो दोन वेगवेगळ्या वेळी. आजार नुकताच कळलाय, बराच पसरलाय आणि हार्मोनचं इंजेक्शन आत्ताच सुरू झालंय, तर त्याच्या जोडीला सहा केमो देतात. किंवा इंजेक्शनला न जुमानता आजार वाढायला लागला, तर तेव्हा देतात आणि सोसतील तसे दहापर्यंत नेतात. तुमचे वडील यातल्या कुठल्या टप्प्यावर आहेत हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. पुढच्या सगळ्या अपेक्षा त्यावर ठरतात.

अण्णा पहिल्या प्रकारात होते. डॉक्टरांनी आम्हाला २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीचे आकडे सांगितले. फक्त हार्मोनचा उपचार घेणाऱ्यांपैकी निम्मे ४४ महिन्यांच्या पुढे जगले. सुरुवातीलाच केमो जोडलेल्यांत हा आकडा ५७ महिन्यांच्या वर गेला. आजार जास्त पसरलेल्यांना फायदा जास्त झाला. आकडा ऐकताना पोटात गोळा आला, हे खरं. पण सहा वेळा हे सगळं कशासाठी सोसायचं ते त्या दिवशी कळलं, आणि नंतर अण्णा कंटाळले तेव्हा त्याचाच उपयोग झाला.

आमच्याकडे आत्याने बजावलं होतं, "त्याला काही सांगू नका, खचेल." आम्हीही "गाठ आहे, औषध चालू आहे" एवढंच सांगून त्यांना नेलं. ओपीडीच्या दारावरची पाटी काय अण्णांना वाचता येत नव्हती? आत गेल्यावर त्यांनीच विचारलं, "साहेब, यातून पूर्ण मोकळा होईन का?" डॉक्टर म्हणाले, "पूर्ण मोकळे नाही होणार. पण दाबून ठेवता येतो, आणि बरीच वर्षं ठेवायचा प्रयत्न करू." अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चैतातल्या जत्रेला पायावर उभा असेन ना?" हा प्रश्न लपवाछपवीत आम्हाला कधीच ऐकू आला नसता. पुढे पाचवा केमो नेमका जत्रेच्या आठवड्यात येत होता, तो डॉक्टरांना विचारून चार दिवस पुढे नेला. असं विचारता येतं. रुग्णाच्या मनात कुठली तारीख आहे हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांना कळायचं कसं?

पहिल्या केमोच्या आधीचे आठ-दहा दिवस

दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. हाडांत आजार असेल तर पुढे हाडं सांभाळण्यासाठी झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाईन लागू शकते, आणि ती सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. अण्णांची एक दाढ हलत होती, ती आधीच काढून घेतली. फ्लूची लस कधी घ्यायची तेही आत्ताच विचारा. मधुमेह असेल तर त्याच्या डॉक्टरांना केमोची तारीख कळवा, कारण सोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने साखर चांगलीच चढते.

फाईल एकच ठेवा. बायोप्सीचा रिपोर्ट (त्यावरचा ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचा आकडा, डॉक्टर प्रत्येक वेळी विचारतात), स्कॅन, पीएसएचे (आजाराचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचे) सगळे आकडे तारखेसह एका कागदावर, चालू औषधांची यादी. पीएसएवरून एक सांगते. केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत तो थोडा चढून मग उतरू शकतो. एका रिपोर्टवरून घरात रडारड करू नका. आम्ही केली होती.

पैशांचं पाहायचं ते पहिल्या केमोच्या आधीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, पण योजनेतल्या रुग्णालयातच आणि आधी मंजुरी घेऊनच. रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्याचं, टेबल असतं, तिथे रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन स्वतः बसा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही करता येतो. रेल्वेने येणार असाल तर कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि एसी थ्री-टायरमध्ये पूर्ण भाडं माफ आहे आणि सोबतच्या एका माणसालाही मोठी सवलत आहे. त्याचा ठराविक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. मुंबईला टाटामध्ये जाणाऱ्यांनी राहण्यासाठी परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा इथे आधी चौकशी करावी. जागा मिळायला वेळ लागतो.

केमोचा दिवस

एक-दोन दिवस आधी रक्त तपासतात: पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंडाचं काम. पेशी कमी असतील तर केमो आठवडाभर पुढे जातो. त्याने घाबरू नका, आणि वडिलांसमोर "आता उशीर होणार" असा सूर लावू नका.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या साधारण आदल्या रात्रीपासून घ्यायच्या असतात. त्या चुकवू नका. औषधाची ॲलर्जी आणि अंगावर येणारी सूज आवरण्यासाठी त्या असतात. गावाहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांच्या हातून नेमक्या ह्याच गोळ्या राहतात. गोळी राहिली असेल तर नर्सला खरं सांगा.

औषध तासाभरात जातं, पण नोंद, वजन, सुई, आधीची सलाईन धरून डे-केअरमध्ये अर्धा दिवस मोडतो. शाल, पुढून उघडणारा सदरा, घरचा डबा, पाण्याची बाटली न्या. पहिल्या दोन केमोंना, सलाईन सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं शेजारून हलू नका. चेहरा लाल होणं, छाती आवळणं, दम लागणं, अचानक कंबर दुखणं, काहीही झालं तरी लगेच नर्सला हाक मारा. सलाईन थांबवून औषध दिलं की बहुतेक वेळा आटोक्यात येतं. सुईच्या जागी जळजळलं तरी लगेच सांगायचं. आमचे अण्णा "कशाला त्या पोरीला त्रास" म्हणून हात घट्ट धरून बसायचे. त्यांच्या वतीने बोलायला मी तिथे होते.

दुसऱ्या केमोला नर्सने त्यांना सांगितलं की हे औषध युरोपातल्या एका सूचिपर्णी झाडाच्या पानांतल्या द्रव्यापासून बनवतात. अण्णांनी आयुष्यभर बांधावर झाडं लावली. त्या दिवशी ते बाटलीकडे बराच वेळ बघत होते आणि मग शांत झोपले.

एकवीस दिवस कसे जातात

पहिले दोन-तीन दिवस स्टेरॉइडच्या जोरावर माणूस ताजातवाना दिसतो. भूक लागते, रात्री झोप येत नाही. बघायला आलेले म्हणतात, "काहीच झालेलं नाही की यांना!" मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो जोर उतरतो आणि अंग मोडून येतं, सांधे दुखतात, तोंड बेचव होतं, माणूस कुशीवर वळून पडून राहतो. आम्हाला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नव्हतं, ते असंच असतं. हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आईला, आधी सांगून ठेवा.

ज्याची लोक सगळ्यात जास्त धास्ती घेतात ती उलटी, डोसेटॅक्सेलमध्ये तितकी होत नाही. उलटीच्या गोळ्यांनी पोट साफ न होण्याचाच अण्णांना जास्त त्रास झाला. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाणी आणि डॉक्टरांनी दिलेलं रेचक सुरू ठेवलं की निभावतं.

केमोनंतर ४८ तास लघवी, शौच, उलटी यांतून औषधाचा अंश बाहेर पडतो. बसून लघवी करायला सांगा, झाकण लावून दोनदा फ्लश करा, घाण झालेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. एवढंच. नातवंडांनी मांडीवर बसायला, एका ताटात जेवायला काही हरकत नाही. आमच्याकडे कुणीतरी अण्णांचं ताट-वाटी वेगळी काढली होती. वहिनीने ती त्याच संध्याकाळी इतर भांड्यांत मिसळून टाकली.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. हा आठवडा खरा जपायचा. लग्न, बारसं, देवळातली गर्दी नको. सर्दी-खोकल्याचा पाहुणा दारातूनच परत गेला तरी चालेल, वाईटपणा मुलांनी घ्यावा. काहींना केमोच्या दुसऱ्या दिवशी पेशी वाढवणारं इंजेक्शन देतात; ते केमोनंतर निदान २४ तासांनीच घ्यायचं असतं, आणि त्याने हाडं ठणकतात.

तिसरा आठवडा चांगला जातो. मित्र, शेत, बँकेची कामं, जे काही असेल ते तेव्हा करू द्या. केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात. अण्णांनी गावातल्या न्हाव्याला घरी बोलावून आधीच डोकं करून घेतलं. मिशा गेल्याचं मात्र त्यांना फार लागलं.

ताप: हा भाग दोनदा वाचा

दुसऱ्या केमोचा नववा दिवस. रात्री साडेनऊला अण्णांना थंडी वाजून ताप आला, १०१. दादाने जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक इंजेक्शन आणि तापाच्या गोळ्या देऊन "व्हायरल आहे" म्हणून घरी पाठवलं. ताप उतरला, सगळे झोपले. पहाटे अण्णा बाथरूमला उठले आणि भिंतीला धरून खाली बसले. बीपी ८० वर आलं होतं. कराडला दाखल केलं, पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक चाललं. वाचले. पण ती रात्र आम्ही हातची घालवली, कारण केमो चालू असताना आलेला ताप वेगळा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

म्हणून, १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्यावर ताप गेला की रात्र असो, सण असो, थेट रुग्णालय गाठायचं. पेशी नसताना जंतू काही तासांत रक्तात पसरतो आणि पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, त्याने ताप झाकला जातो. काहींना केमोसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज चालू असतं, त्यानेही ताप झाकला जातो. म्हणून थर्मामीटर काहीही दाखवो, हुडहुडी भरली, माणूस गळून गेला किंवा असंबद्ध बोलायला लागला तरी निघायचं. एका कागदावर "डोसेटॅक्सेल केमो चालू, शेवटचा केमो अमुक तारखेला, पेशी कमी असण्याची शक्यता" असं लिहून तो फाईलच्या पहिल्या पानाला लावा. अपघात विभागात दार उघडल्यावर पहिलं वाक्य तेच बोला. रात्री जायचं रुग्णालय, गाडी, ड्रायव्हरचा नंबर हे पहिल्या केमोच्या आधी ठरलेलं हवं. केमो दूर शहरात आणि घर गावी असेल तर मधल्या टप्प्यातलं, रक्ताची सोय असलेलं रुग्णालय आधीच बघून या.

जेवणाचं

तोंडाला लोखंडाची चव येते. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा, काचेचा पेला द्या, फरक पडतो. भाकरी गिळवत नसे तेव्हा मेतकूट-भात, मुगाची सैल खिचडी, नाचणीची आंबील, कोकमाचं सार यांवर दिवस निघाले. अंडं, डाळ, पनीर, मासे, चिकन, जे घरात चालतं ते थोडं थोडं पण रोज हवं. "पथ्य" म्हणून दूध-गहू-मीठ सगळं तोडून माणसाला आणखी वाळवू नका. तोंड आलं तर कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा. बाहेरचा रस, कापून ठेवलेली फळं, कच्ची मोडाची कडधान्यं टाळा. ताजं, शिजवलेलं, हात धुऊन वाढलेलं द्या.

काढ्यांबद्दल स्पष्टच लिहिते. डोसेटॅक्सेल यकृतात मोडतं. यकृत बिघडलं तर तेच औषध अंगात जास्त वेळ राहून अपाय करतं. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत. शेजारच्या काकांनी मायेने आणून दिलेली पुडीही केमोच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

नखं, बोटं आणि पाठ

तिसऱ्या केमोनंतर अण्णांच्या नखांवर आडव्या रेघा उमटल्या, प्रत्येक केमोची एक. मग ती काळी पडली, अंगठ्याचं नख उचललं गेलं. काही ठिकाणी सलाईन चालू असताना बर्फाचे हातमोजे देतात. तुमच्याकडे सोय आहे का विचारा. नखं बारीक कापून ठेवा. पू किंवा दुखणं दिसलं तर दाखवा. बोटांत मुंग्या, तळव्यांना बधिरपणा येतो. सदऱ्याची बटणं लागेनात, हातातून पेला सुटतो, हे त्या दिवशीच लिहून ठेवा, कारण त्यावरून डोस कमी करायचा का ते ठरतं. अनवाणी चालणं बंद. पायांवर सूज आणि भराभर वाढणारं वजन हेही सांगण्यासारखं.

एक गोष्ट केमोशी नव्हे, आजाराशी जोडलेली आहे. मणक्यात आजार असलेल्या माणसाची पाठ नव्याने दुखू लागली, पाय लटपटले, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. एमआरआय आणि उपचार लवकर झाले तर पाय वाचतात. "उद्या हाडवैद्याकडे दाखवू" म्हणण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही.

अण्णा जे बोलत नव्हते

हार्मोनच्या इंजेक्शनने अंगातून एकदम गरम वाफा येतात, रात्री बनियन घामाने भिजतो. चिडचिड होते, रडू येतं, पुरुषपणाची इच्छा जाते. लघवीचा त्रास वेगळाच. मी मुलगी, मला हे सांगणं अण्णांना शक्यच नव्हतं आणि आईलाही ते सांगत नसत. शेवटी त्यांनाच एक दोनशे पानी वही दिली. वर्कशॉपमध्ये लॉगबुक लिहायची सवय होती. तिरक्या, जाड अक्षरात ते लिहायचे: "रात्री ४ वेळा. १ वेळा कपडे. पाठ ठीक." ओपीडीत ती वही ते स्वतः डॉक्टरांपुढे ठेवत आणि मी बाहेर जाऊन बसत असे. डॉक्टरांनी त्यावरून औषध बदललं, तेव्हा घामाचा त्रास निम्म्यावर आला. तुमच्याकडे वही नसेल जमत तर मुलगा, जावई, पुतण्या, जो पुरुष जवळचा असेल त्याने पाच मिनिटं एकट्याने आत जावं.

कामं वाटून घ्या. मी रुग्णालय आणि फाईल, दादा गाडी आणि पैसे, वहिनी स्वयंपाक, आई फक्त सोबत. आईला औषधांचा हिशोब दिला होता तो पहिल्याच आठवड्यात काढून घेतला. चुकेल या भीतीने ती रात्रभर जागी राहायची. नातेवाइकांना रोज संध्याकाळी एकच निरोप ग्रुपवर टाकायचो, म्हणजे फोन अण्णांच्या उशाशी वाजत नसे.

दुखणं राहिलं असेल तर वेदनाशमनाच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना पहिल्यापासून भेटा. उपचार संपले म्हणून तिकडे पाठवतात हा गैरसमज आमच्याही घरात होता. आणि वडील मध्येच "बास, आता नको" म्हणाले तर रागावू नका. त्यांच्यासह डॉक्टरांपुढे बसा. डोस कमी करणं, अंतर वाढवणं, थांबणं, हे सगळे वैद्यकीय पर्यायच असतात. अण्णा चौथ्यानंतर तसं म्हणाले होते. डोस थोडा उतरवला, पुढचे दोन त्यांनी स्वतःहून घेतले.

सहावा झाल्यावर

घरात पेढे आले, आणि दोन महिने आम्ही सगळेच सैल पडलो. तसं करू नका. केमो संपतो, हार्मोनचं इंजेक्शन चालूच राहतं, त्याची तारीख चुकवायची नाही. प्रेडनिसोलोन चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही. थकवा जायला काही महिने लागतात. केस आधी येतात, नखं सावकाश, बोटांचा बधिरपणा सगळ्यात शेवटी आणि कधी थोडा राहूनही जातो. आमच्या कॅलेंडरवर इंजेक्शनची तारीख लाल पेनाने आणि पीएसएची निळ्या पेनाने लिहिलेली असते. ती अण्णा स्वतः लिहितात. बटणं मात्र अजून आईच लावून देते.